ठासणीच्या दारूची बिल्टी कुणी फाडत नाही

बेळगावात लॉरी ट्रान्सपोर्टच्या बुकिंगवर बसून ज्याचे केस पांढरे झाले, त्याला कुठलाही माल दिसला की आधी वजन सुचतं, मग पॅकिंग, आणि मग वाटेत काही झालं तर कुणाच्या गळ्यात पडणार ते. मालाची किंमत सगळ्यात शेवटी. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांचं कास्टिंग, शहापूरच्या साड्या, निपाणीची तंबाखू, सीझनला रताळ्यांची पोती, सगळ्याच्या बिल्ट्या, म्हणजे माल पाठवायच्या पावत्या, मी फाडल्या. बंदुकीची दारू मात्र काउंटरवर कधी घेतली नाही आणि माझ्यादेखत दुसऱ्याला घेऊ दिली नाही. रिटायर झालो तरी लोक विचारायचे थांबले नाहीत, खास करून खानापूर भागातले. "मामा, दोन किलो तर हाय, कास्टिंगच्या पेटीत सरकवा की, कुणाला कळतंय!" दर वेळी तोंडानं तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून काढतो.

निमित्त झालं भाच्याचं. धाकट्या बहिणीचा मुलगा पेनसिल्व्हेनियात असतो, कॉम्प्युटरच्या कामात. तिकडं शेजाऱ्याच्या नादानं त्याला ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातनं दारू ठासून भरायच्या बंदुकीचं वेड लागलं. त्याचा आजा इकडं जांबोटीच्या पलीकडं अशीच बंदूक खांद्यावर टाकून भाताची राखण करायचा. नातवानं ती कधी हातात धरली नाही, आणि अमेरिकेत जाऊन पैसे मोजून तेच करायला लागला. असो. त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर एक बिल पाठवलं. काळी दारू, डबा एक पौंडाचा म्हणजे ४५४ ग्रॅमचा, असे पाच डबे, डब्याला ३० डॉलर. त्याच्याखाली वेगळी ओळ: धोकादायक मालाचा आकार, म्हणजे वाहतुकीचं जादा शुल्क, ४० डॉलर. खाली त्याचा प्रश्न, "मामा, हे चाळीस डॉलर कसले? लुटतात की काय?"

लुटत नाहीत. हा आकार पेटीवर असतो, डब्यावर नसतो. एक डबा मागवला तरी चाळीस, पाच मागवले तरी चाळीस. पाचांवर वाटला तर डब्याला आठ डॉलर पडतात, पंचवीस डब्यांवर वाटला तर एक डॉलर साठ सेंट. एका पौंडात ७००० ग्रेन असतात. भाचा एका बाराला ७० ग्रेन भरतो, म्हणजे एका डब्यात शंभर बार. एकच डबा मागवला तर प्रत्येक बारावर चाळीस सेंट निव्वळ वाहतुकीचे चढतात, दारूचे तीस. म्हणून तिकडचे नेमबाज एकट्यानं मागवत नाहीत, क्लबातले आठदहा जण मिळून पेटी मागवतात. मी त्याला लिहिलं, "पाच कशाला मागवलेस? पंचवीस मागव आणि दोस्तांत वाट." तो म्हणाला, "पंचवीसच का? तीस का नको?"

इथं मला खरी मजा आली. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या वाहतूक नियमांत काळ्या दारूसाठी एक स्वतंत्र कलम आहे. मुळात ही दारू धोकादायक मालाच्या पहिल्या, म्हणजे स्फोटकांच्या वर्गातली, १.१ डी, यूएन क्रमांक ००२७. १.१ म्हणजे पेटली तर एकेक डबा करून पेटत नाही, सगळा साठा एका दमात उडतो. असला माल साध्या पार्सलगाडीत कुणी घेणार नाही. पण छोट्या बंदुकांसाठीची, तपासून मंजूर झालेली दारू असेल आणि अमुक प्रकारे बांधली असेल, तर देशातल्या देशात तिला ४.१ म्हणजे ज्वालाग्राही घन पदार्थ म्हणून न्यायची सवलत मिळते. अटी ऐका. आतला डबा धातूचा, नाहीतर वीज वाहून जाईल अशा जाड प्लास्टिकचा, आणि त्यात एक पौंडापेक्षा जास्त दारू नाही. बाहेरच्या ठरलेल्या प्रतीच्या पुठ्ठ्याच्या पेटीत पंचवीसपेक्षा जास्त डबे नाहीत, आणि तेही असे रचायचे की एक पेटला तर सगळे एकदम उडू नयेत. एका गाडीत सगळी मिळून १०० पौंड, म्हणजे ४५.४ किलो, त्याच्या वर नाही. पेटीवर ‘छोट्या बंदुकांसाठी काळी दारू’ असं ठळक लिहिलेलं हवं आणि एनए ००२७ हा क्रमांक.

हिशेब जुळतो बघा. पंचवीस डब्यांची एक पेटी, गाडीत चार पेट्या. शिवाय त्यांच्या स्फोटक कायद्यात सामान्य माणसाला जुन्या पद्धतीच्या बंदुकांसाठी, खेळ-छंद किंवा सांस्कृतिक कारणासाठी ५० पौंडांपर्यंत कारखान्यात बनवलेली काळी दारू परवान्याशिवाय घेता येते, म्हणजे नेमक्या दोन पेट्या. ज्यानं कुणी हे कलम लिहिलं, त्यानं कधीतरी गोदामात उभं राहून पेट्या रचलेल्या असणार. आमच्या धंद्यातल्या माणसाला असला नियम वाचून बरं वाटतं. ‘काळजी घ्यावी’ असं लिहून तो थांबत नाही. डबा केवढा, पेटी कसली, गाडीत किती, सगळं सांगतो.

त्यांच्या सरकारी टपालानं मात्र ही दारू पाठवता येत नाही, एक ग्रॅमही नाही.

आणखी एक उलटी गोष्ट. तिकडं ठासणीची बंदूक स्वतः कायद्याच्या नजरेत जवळजवळ बंदूकच नाही. १९६८ च्या त्यांच्या केंद्रीय बंदूक कायद्यानं १८९८ किंवा त्याआधी बनलेल्या बंदुका आणि ठासणीच्या बहुतेक नव्या नकला ‘पुराण्या’ म्हणून बाजूला काढल्यात. (राज्याराज्यांचे कायदे वेगळे, ते भाच्यानं बघून घ्यावेत.) म्हणजे बंदूक मोकळी आणि दारू बांधलेली. आमच्याकडं दोन्ही बांधलेल्या.

भाच्याची अडचण आणखी पुढची आहे, कारण त्याची बंदूक गारगोटीची. पेनसिल्व्हेनियात १९७४ पासून नाताळानंतर हरणांचा एक खास हंगाम असतो, त्यात गारगोटीचीच बंदूक चालते. चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी बाहेरच्या चिमूटभर दारूत, म्हणजे रंजकात पडते, नळीच्या बारीक भोकातून, म्हणजे कानातून आत जाते आणि मग बार. १९७० च्या दशकात पायरोडेक्स नावाची पर्यायी दारू निघाली. तिला वाहतुकीचे नियम सौम्य, दुकानात ठेवायला सोपी. पण ती पेटायला जास्त उष्णता लागते, गारगोटीच्या ठिणगीला ती दाद देत नाही. त्यामुळं गारगोटीवाल्याला खरी काळी दारूच लागते, आणि चाळीस डॉलर चुकत नाहीत. त्यात २०२१ मध्ये तिकडचा गोएक्स हा काळ्या दारूचा कारखाना मालकांनी बंद केला. क्लबाक्लबात धावपळ झाली, ज्याच्याकडं डबे होते तो राजा. पुढं २०२२ मध्ये खेळण्यातली रॉकेटं बनवणाऱ्या एस्टेसवाल्यांनी तो धंदा विकत घेतला. त्यांच्या रॉकेटच्या मोटारीतही काळी दारूच असते, म्हणजे त्यांचं घरचंच काम.

आता आपल्याकडं.

अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, अजून गावी असतो. भात, थोडी नाचणी, बांधाला काजू, वरच्या तुकड्यात रताळी. गाव भीमगड अभयारण्याच्या बाहेर, पण डुकरं आणि गवे हद्दीचे दगड बघून चालत नाहीत. घरात वडिलांपासूनची टोपीची, म्हणजे चापाखाली टोपी फुटून दारू पेटते अशी, एकनळी बंदूक आहे, परवाना आता अण्णाच्या नावावर. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम १३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की पीक राखण्याच्या खऱ्या गरजेसाठी ठासणीची बंदूक असेल तर परवाना देण्याची तरतूद आहे. परवान्याची मुदत आधी तीन वर्षं होती, २०१९ च्या दुरुस्तीनं पाच झाली. परवान्यावर बंदुकीचं वर्णन असतं, आणि एका वेळी किती दारूगोळा जवळ ठेवायचा, वर्षात किती विकत घ्यायचा हेही असतं. दुकानदार विकताना त्यावर नोंद करतो. म्हणजे कागदावर सगळं नीट आहे.

अण्णाचा बार भरायचा एक थाट आहे. आधी नळीत फुंकर मारून कानातून वारा येतो का बघायचा. मग बांबूच्या पेराचं एक माप, वापरून वापरून काळंभोर गुळगुळीत झालेलं, ते काठोकाठ भरून बोटानं सपाट करायचं आणि दारू नळीत सोडायची. दस्त्यावर दोन चापट्या. वर काथ्याची बोळी, आणि गज. पहिले ठोके बसके येतात, ‘धब् धब्’. दारू नीट बसली की गज आपोआप वीतभर उसळतो आणि आवाज बदलतो, ‘टण्’. तो आवाज आल्याशिवाय अण्णा टोपीला हात लावत नाही. छर्रे घालत नाही. रानडुक्कर आता वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे, २०२२ ची दुरुस्ती २०२३ च्या एप्रिलपासून लागू झाली, परवानगीशिवाय त्याला मारणं म्हणजे तुरुंगाचं आमंत्रण. नुसता आवाजाचा बार. खोऱ्यात तो असा घुमतो की कळप नाल्यापलीकडं जातो आणि शेजारच्या वाडीतली कुत्री पहाटेपर्यंत गप्प बसत नाहीत.

तर बंदूक आहे, परवाना आहे. दारू आणायची कशी?

टपालानं नाही. स्फोटक वस्तू टपालात घालायला १८९८ च्या जुन्या टपाल कायद्यातच बंदी होती. तो कायदा गेला, नवा आला, बंदीत फरक पडला नाही. कुरियरवाल्याचा फॉर्म उलटून बघा, मागच्या बाजूला बारीक अक्षरात पहिल्याच दोनतीन ओळींत स्फोटकं असतात. रेल्वेनं नाही. खानापूर किंवा लोंढ्याला उतरणारा माणूस म्हणतो, "पिशवीत कोण बघतंय?" रेल्वे कायदा १९८९, कलम १६४: धोकादायक माल घेऊन गाडीत चढलात तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपयांचं ऐकून हसू नका, तीन वर्षांचं ऐका. सरकारी बसमध्ये नाही. कंडक्टरनं हरकत घेतली तर तो चुकत नाही. चाळीस-पन्नास माणसं, त्यात कुणीतरी खिडकीशी बिडी ओढतोच.

राहिली लॉरी. स्फोटकांसाठी १८८४ चा कायदा आणि त्याखालचे २००८ चे नियम आहेत, कारभार नागपूरच्या पेसोकडं, म्हणजे केंद्राच्या स्फोटकं बघणाऱ्या खात्याकडं. त्या नियमांच्या वर्गवारीत बंदुकीची दारू वर्ग १ मध्ये बसते, अगदी पहिल्या नंबरावर. स्फोटकं न्यायला वेगळी परवान्याची व्हॅन लागते. आमच्यासारख्या मिसळ माल भरणाऱ्या लॉरीत ती चालत नाहीत. एका हौद्यात कास्टिंग, त्यावर बारदान, कोपऱ्यात ऑइलचे कॅन, आणि केबिनमध्ये क्लीनर स्टोव्हवर चहा करतोय, त्यात दोन किलो दारू ‘सरकवा की’ म्हणणाऱ्याला मी काय सांगू? आणि ती व्हॅन दोन किलोसाठी खानापूरच्या रानात कोण पाठवेल? डिझेल, परवान्याचा ड्रायव्हर, कागद, सगळं चाळीस किलोला जेवढं तेवढंच दोन किलोला.

म्हणून उरतो एकच मार्ग, आणि तोच दुकानदारही सांगतो: परवानाधारकानं मूळ परवाना घेऊन स्वतः यायचं, नोंद करून घ्यायची, बिल घ्यायचं आणि परवान्यावरच्या मर्यादेतली दारू स्वतःच्या गाडीवरनं सरळ घरी न्यायची. अण्णा सत्तरीला टेकलाय. भाताच्या ऐन दिवसांत मोटरसायकलवर बेळगावपर्यंत यायचं, त्या दिवसाची मजुरी बुडवायची, पेट्रोल जाळायचं, आणि दुकानात गेल्यावर ऐकायचं, "स्टॉक न्हाई ओ. दसरा होऊ दे, बघू." दुकानदाराला तरी काय बोल लावायचा? ठासणीची गिऱ्हाइकं म्हणजे वर्षाकाठी चार म्हातारे. त्यांच्यासाठी साठा ठेवायचा, रजिस्टर लिहायचं, तपासणीला तोंड द्यायचं. काडतुसाच्या गिऱ्हाइकात त्याचा धंदा आहे. टोप्यांचं तर विचारूच नका. त्या दारूबरोबर एका पिशवीत घालायच्या नसतात, हे वेगळं सांगायला लागू नये, तरी सांगतो.

"आरं, बंदूक हाय, परवाना हाय, दारू न्हाई," अण्णा म्हणतो, "मग काय गज वाजवू डुकरापुढं?"

सीमेचा घोळ वेगळाच. आमची वहिनी चंदगड तालुक्यातली, तिच्या माहेरीही पीकराखणीची बंदूक आहे. तिचा भाऊ भाजीपाला घेऊन शिनोळीवरनं बेळगावच्या बाजाराला येतो, दवाखान्याला येतो, लग्नाचा बस्ता बेळगावात बांधतो. पण त्याचा परवाना कोल्हापूर जिल्ह्याचा, हद्द महाराष्ट्रापुरती. दारूसाठी त्याला कोल्हापूर गाठायचं, अंतर बेळगावच्या दुपटीहून जास्त. आणि आमच्या अण्णाच्या परवान्याची हद्द कर्नाटकापुरती, त्यामुळं मेहुण्याच्या शेतात डुकरं पडली तरी याची बंदूक शिनोळीपलीकडं जाऊ शकत नाही. दोन्ही शेतांमधून एकच डोंगर दिसतो. सीमावादावर मी इथं लिहीत नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. पण ज्याला ही रेघ कुठं टोचते ते विचारायचंय, त्यानं आमच्या वहिनीच्या माहेरी जेवायला यावं.

याच कर्नाटकात कोडगूची गोष्ट बघा. तिथल्या कोडवा समाजाला आणि जम्मा, म्हणजे पिढीजात हक्काच्या जमीनवाल्यांना इंग्रजांच्या काळापासून बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. केंद्रानं ती २०१९ मध्ये पुन्हा दहा वर्षांसाठी वाढवली, हायकोर्टानं २०२१ मध्ये उचलून धरली. कैलपोळ्द सणाला ते घरातल्या बंदुकांची पूजा करतात. मला त्यांचा हेवा वाटत नाही, त्यांची परंपरा त्यांना लखलाभ. सूट आम्हालाही नको. आहे त्या परवान्यावर दारू सरळ मार्गानं मिळावी एवढंच म्हणणं आहे.

नियम सैल करा असं म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. २१ जानेवारी २०२१ ची रात्र आठवा. शिवमोग्ग्याजवळ हुणसोडूला खडी क्रशरच्या आवारात स्फोटकांनी भरलेली लॉरी उडाली. माणसं गेली, आणि हादरा शेजारच्या जिल्ह्यांपर्यंत जाणवला. लोकांना आधी भूकंपच वाटला. साधारण महिन्यानं चिक्कबळ्ळापूरच्या हिरेनागवल्लीला पुन्हा तसंच. तिथं जिलेटीन होतं, खाणीचा माल, काळी दारू नव्हे. पण लॉरीच्या हौद्याला तो फरक कळत नाही. त्या बातमीनंतर ट्रान्सपोर्टच्या कट्ट्यावर कुणी बरेच दिवस ‘सरकवा की’ म्हणालं नाही. मग हळूहळू पुन्हा म्हणायला लागले.

माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. सरळ मार्गानं दारू मिळाली नाही म्हणून माणूस राखण सोडत नाही. तो आडमार्गानं जातो. दिवाळीचे फटाके फोडून त्यातली पूड बंदुकीत भरणारे आमच्या भागात आहेत. ती पूड वेगळ्या जातीची, जळायचा वेग वेगळा. जुनी नळी तिच्यापुढं टिकत नाही, कानशिलाजवळ फुटते. बोटं गेलेली माणसं दाखवायला मला लांब जायला नको. त्याहून वाईट ते गावठी बॉम्ब. पिठाच्या गोळ्यात दारू आणि खडे घालून डुकराच्या वाटेवर ठेवतात, आणि चावते कुणाची तरी गाय. जबडा फुटलेलं जनावर एकदा बघितलं की जेवण जात नाही. हे करणाऱ्याची बाजू मी घेत नाही. परवान्याची बंदूक घरात ठेवून हे धंदे करणाऱ्याची तर नाहीच नाही. पण सीलबंद डब्यातली, चाळणीनं सारख्या दाण्याची केलेली कारखान्याची दारू ज्याला वेळेवर मिळते, तो फटाके कशाला फोडत बसेल?

घरी ठेवण्याबद्दल दोन शब्द, कारण तिथंही मी भांडतो. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात पाऊस लागला की भिंतीला बुरशी येते, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. दारू सर्दाळली की चाप ओढल्यावर नुसतं ‘फुस्स’, आणि मग भरलेली नळी रिकामी करायचा वैताग. म्हणून जुनी माणसं डबा चुलीवरच्या फळीवर ठेवतात, ऊब लागते म्हणून. अण्णाच्या घरातनं मी तो डबा खाली काढून माजघरातल्या कुलपाच्या पेटीत ठेवायला लावला. आठ दिवस बोलला नाही माझ्याशी. मिनरल वॉटरच्या बाटलीत दारू ठेवणारे आहेत, त्यांना भाच्याच्या देशातला तो धातूच्या डब्याचा नियम वाचून दाखवतो. काही ऐकतात. लग्नात नवरदेवापुढं बार उडवायला बंदूक मागायला येणारे पाहुणे मात्र कुणाचंच ऐकत नाहीत. त्यांच्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीत खास सोय आहे: आनंदाच्या भरात इतरांच्या जिवाला धोका होईल असा बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अण्णा आता तेवढंच सांगून दार लावतो.

तर आता माझं म्हणणं. इलेक्शन लागलं की काय होतं? आचारसंहिता येते, आणि परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम निघतो. २०२३ च्या मे महिन्यात विधानसभेला झालं, २०२४ च्या मे महिन्यात लोकसभेला झालं. (खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यात, पण लोकसभेला उत्तर कन्नडात मतदान करतो. असल्या गोष्टींची आम्हाला सवय आहे.) म्हातारे बंदुका गोणपाटात गुंडाळून आणतात, हवालदार नंबर जुळवतो, पावती देतो, निकालानंतर परत. कोणाकडं कुठली बंदूक आहे, परवाना कधी संपतो, माणूस जिवंत आहे की गेला, सगळं ठाण्याच्या रजिस्टरात आहे. तालुक्यातल्या बंदुका ठरल्या मुदतीत गोळा होऊ शकतात, तर तेवढ्याच शिस्तीत वर्षातनं एक दिवस तालुक्याच्या गावी दारू का वाटता येऊ नये?

गणपती झाल्यावर, भात पोटरीला आलेलं असताना एक दिवस ठरवा. परवान्याचा दुकानदार, परवान्याची व्हॅन, एका टेबलावर पोलीस, दुसऱ्यावर महसूलचा माणूस. जागा गावाबाहेरची, मोकळी. ज्यानं त्यानं मूळ परवाना घेऊन यायचं, बंदूक आणायची नाही. आधी महिनाभर नावं नोंदवून घ्या, म्हणजे दुकानदाराला नेमका आकडा कळेल आणि उरलेला माल परत न्यायचा प्रश्न येणार नाही. दारू सुटी मोजून द्यायची नाही, छोट्या सीलबंद डब्यातच. व्हॅनचा खर्च वीस-पंचवीस जणांत वाटला की डब्यामागं किरकोळ पडेल. भाच्याच्या चाळीस डॉलरांचं गणित तेच आहे, फक्त तिकडं पेटीवर वाटणी होते, इथं व्हॅनवर होईल. कोण म्हणेल, एवढ्याशा लोकांसाठी कोण करणार एवढं? आज एवढेच आहेत, कारण बाकीच्यांनी परवाने सोडून दिले. बंदुका कुठं गेल्या ते मला विचारू नका.

तसा एक अर्ज आम्ही तयार केलाय. कन्नडमध्ये टाइप करून घेतला, खाली मराठीत प्रत जोडली. कचेरीत टेबलावरच्या माणसानं तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "हे कुठल्या खात्याचं?" बंदूक महसूलची, रजिस्टर पोलिसांचं, दारू पेसोची, डुकरं जंगल खात्याची. मी म्हटलं, "चौघांनाही एकेक प्रत देतो." म्हणून आता चार प्रती काढल्यात आणि चारही ठिकाणी पोच घेणार आहे. ट्रान्सपोर्टात एक शिकलो, पोच नसेल तर माल पोचलाच नाही.

भाच्यानं विचारलं, "मामा, येताना अण्णामामासाठी एक डबा बॅगेत घालून आणू?" त्याला विमानाचे नियम पाठवले आणि वर फोन करून झापलं. येताना पितळेचं माप आण म्हटलं, कोरं, दुकानातनं आणलेलं. अण्णा ते वापरेल असं नाही, पण खूश होईल.

खानापूर तालुक्यातल्या परवानाधारकांना अर्जावर सही करायची असेल तर परवान्याच्या पहिल्या पानाची झेरॉक्स घेऊन या. मूळ परवाना घरीच ठेवा, पावसात घेऊन फिरू नका.